गुऱ्हाळाची वाफ

पन्हाळ्याच्या वाटेवर माझं माहेर आहे. मुख्य रस्त्यापासून थोडं आत वळलं की दोन्ही बाजूंनी ऊस, आणि उसाच्या पलीकडं ओढ्याला लागून एक गुऱ्हाळ. मी लहान असताना गावात अशी चार गुऱ्हाळं होती. दसरा झाला की एकेक पेटायचं, आणि शिमग्यापर्यंत गावावर गोड वास धरून असायचा. आता ऊस कारखान्याला जातो, गुऱ्हाळावर रात्रंदिवस राबायला माणसं मिळत नाहीत, आणि चारातलं एकच उरलंय. त्याचे मी मोबाइलवर पुष्कळ फोटो काढले. पण उसाचा रस उकळायच्या मोठ्या काहिलीवरनं उठणारी वाफ फोटोत नुसता पांढरा डाग व्हायची. मला तीच तर हवी होती.

मी कोल्हापुरात पंचवीस वर्षं ब्लाउज शिवते. चित्रकलेशी संबंध म्हणाल तर शाळेतल्या इलेमेंटरी परीक्षेपुरता. तरी एक दिवस धीर करून पेठेतल्या एका जुन्या चित्रकार सरांकडं गेले आणि सांगितलं, मला गुऱ्हाळ रंगवायचंय, तैलरंगात. सरांनी विचारलं, "तैलरंगातच का?" मी म्हटलं, दुकान सांभाळून करायचंय, मध्येच उठावं लागतं, जलरंग थांबत नाही म्हणतात. सर म्हणाले, "कारण बरोबर आहे. तैलरंग तुमच्यासाठी थांबेल. पण मग तुम्हालाही त्याच्यासाठी थांबावं लागेल. जमेल?" मी हो म्हटलं. त्यांनी म्हटलं ते किती अक्षरशः खरं होतं ते पुढं कळलं.

दर रविवारी सकाळी दोन तास. पहिले दोन महिने माझ्या हातात एकच रंग होता, बर्न्ट अंबर म्हणजे गडद तपकिरी, आणि सोबत टायटॅनियम व्हाइट हा पांढरा. कागदावर नऊ चौकोन आखायचे, पहिला पांढरा, शेवटचा सगळ्यात गडद, आणि मधले सात असे भरायचे की एकेक पायरी सारखी उतरली पाहिजे. ऐकायला सोपं वाटतं. माझे पहिले चार चौकोन उजळ आणि पाचव्यापासून एकदम अंधार, असंच होत राहिलं. सर म्हणायचे, डोळे बारीक करा. डोळे किलकिले केले की रंग मागं जातो, तपशील पुसला जातो आणि उरतो तो फक्त उजेड किती आणि अंधार किती एवढा हिशेब. निसर्गचित्र त्या हिशेबावर उभं राहतं, असं सर दर रविवारी एकदा तरी म्हणायचे.

मग त्यांनी एक दिवस समोर गुळाचा खडा ठेवला. मोठ्या ढेपेतून फोडलेला, मुठीएवढा. खिडकीतून एका बाजूनं उजेड. "हा रंगवा. तुमच्या गावाचाच आहे समजा."

मी यलो ऑकर हा मातकट पिवळा घेतला, त्यात बर्न्ट सिएना हा तांबूस तपकिरी, आणि गुळाचा रंग तयार झाला म्हणून सगळा खडा त्यानं भरून टाकला. कॅनव्हासवर बटाटा दिसायला लागला. सर शेजारी बसले आणि त्यांनी मला जे विचारलं त्यानं माझं शिकणं खऱ्या अर्थानं सुरू झालं. "ताई, ब्लाउजपीसला दोरा कसा मॅच करता?"

दोरा कधी रीळ बघून मॅच होत नाही. रिळावर गुंडाळलेला दोरा गडद दिसतो. त्याचं टोक सोडवून, एकेरी धागा कापडावर आडवा टाकून बघावा लागतो, तोही ट्यूबलाइटखाली नाही, दुकानाच्या दारात येऊन. धागा कापडात विरघळला तर तो रंग बरोबर. मी हे सांगितल्यावर सर म्हणाले, "मग तसंच करा." रंग मिसळायच्या सुरीच्या टोकावर थोडासा रंग घ्यायचा, ती सुरी एक डोळा मिटून समोरच्या वस्तूच्या त्याच जागेवर धरायची. उजळ आहे, गडद आहे, पिवळा जास्त झालाय, लगेच कळतं. असं धरून बघितल्यावर त्या खड्याचे माझ्या डोळ्यांदेखत सहा रंग झाले. उजेडाच्या बाजूला मळकट सोनेरी, फोडलेल्या कडेला जवळजवळ केशरी, कारण तिथं उजेड गुळाच्या आत शिरत होता. सावलीत तर चक्क जांभळट तपकिरी. पंचवीस वर्षं मी जे हातानं करत होते तेच इथं डोळ्यानं करायचं होतं. त्या दिवशी घरी जाताना फार बरं वाटलं होतं.

सरांच्या घरी काळ्या रंगाची ट्यूब नाही. हिरव्याचीही नाही. अल्ट्रामरीन ब्लू आणि बर्न्ट सिएना सारखं सारखं घेतलं की काळ्याच्या जवळचा गडद रंग होतो, आणि तो निळ्याकडं किंवा तपकिरीकडं झुकवता येतो. हिरवे सगळे मिसळूनच करायचे. ट्यूबमधला तयार हिरवा उसाला लावला तर शेत प्लॅस्टिकचं दिसतं, हे मी पुढं एकदा गुपचूप करून बघितलं आणि पटलं.

आता तेलाबद्दल. या रंगात जवसाचं तेल असतं हे कळल्यावर मला एकदम आजीची जवसाची चटणी आठवली. पांढऱ्या रंगात पुष्कळदा करडईचं तेल घालतात, कारण ते जवसापेक्षा कमी पिवळं पडतं. दोन्ही आपल्या घरची तेलं. पण ही तेलं पाण्यासारखी उडून जाऊन वाळत नाहीत. ती हवेतला ऑक्सिजन ओढून घेतात आणि हळूहळू घट्ट होतात. शेंगतेल असं घट्ट होत नाही, म्हणून ते रंगाला चालत नाही. यातूनच तैलरंगाचा मोठा नियम येतो. खालचा थर टर्पेंटाइन घालून पातळ, वरचे थर जास्त तेलाचे. उलटं केलं तर वरचा थर आधी आवळतो, खालचा अजून हलत असतो, आणि काही काळानं चित्राला भेगा पडतात. मला हे अस्तरावरनं समजलं. अस्तराचं कापड आधी पाण्यातून काढलं नाही तर पहिल्या धुण्यात ते आटतं आणि वरच्या भारी कापडाला चुण्या पडतात. खालचं आधी स्थिर झालं पाहिजे. सरांना ही उपमा इतकी आवडली की नंतर आलेल्या मुलांनाही ते तीच सांगतात.

डिसेंबरात सरांनी मला टाऊन हॉलच्या संग्रहालयात पाठवलं. कोल्हापूरला चित्रकारांची मोठी परंपरा आहे हे मी ऐकून होते, पण नावं ओळखीची झाली ती सरांमुळं. आबालाल रहिमान शाहू महाराजांच्या दरबारात चित्रकार होते. मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकून आलेला हा माणूस शेवटपर्यंत इथंच, कोटीतीर्थाच्या काठी राहून चित्रं काढत राहिला, आणि 1931 मध्ये गेला. आम्ही ज्या रस्त्यानं रोज जातो-येतो त्याच गावाचा उजेड त्यांनी रंगवला, याचं मला फार अप्रूप वाटलं. संग्रहालयात मी चित्रांच्या अगदी जवळ जाऊन, बाजूनं, तिरकं बघायला शिकले. जुन्या तैलचित्रांत सावलीचा भाग पातळ असतो, कापडाचा पोत त्यातून दिसतो. उजेड जिथं पडलाय तिथं रंग जाड, ब्रशच्या केसांच्या रेघांसकट. अंधार पातळ आणि उजेड जाड. हे पुस्तकात वाचून मला कधी कळलं नसतं.

जानेवारीत माहेरी गेले. एसटीनं. पाठीवर रंगाची पेटी, हातात चित्र टेकवायचा घडीचा इझल आणि बारा बाय सोळा इंचाचे तीन कॅनव्हास बोर्ड. भाऊ स्टँडवर घ्यायला आला होता, त्यानं ते सामान बघून एक शब्द विचारला नाही. वहिनीनं मात्र शेताच्या बांधावर माझ्यासाठी जुनी खुर्ची आणि पाण्याची कळशी नेऊन ठेवली.

जागा मी आधीच ठरवली होती. ओढ्याच्या अलीकडं, पश्चिमेकडं तोंड करून. समोर तुऱ्याला आलेला ऊस, त्याच्या मागं गुऱ्हाळाचं पत्र्याचं छप्पर, धुराडं, आणि लांब पन्हाळ्याचा सपाट माथा. पुठ्ठ्यात कापलेल्या चौकटीतून बघून बघून मी पन्हाळा चित्राच्या वरच्या भागात बसवला. त्यामुळं आभाळाची पट्टी अरुंद झाली आणि जमीन मोठी झाली. मला जमीनच मोठी हवी होती.

पहिली संध्याकाळ वाया गेली. सूर्य खाली येत होता तशा सावल्या लांबत होत्या आणि मी त्यांच्यामागं धावत होते. एक सावली रंगवून होईस्तोवर दुसरी सरकलेली. सहा वाजता बोर्डवर चिखल होता. रात्री सरांना फोन केला. ते म्हणाले, "पहिल्या दहा मिनिटांत पातळ अंबरनं सावल्या मांडून घ्या, आणि मग सूर्य काहीही करो, त्या हलवू नका. उद्या त्याच वेळेला परत जा. परवा परत. चित्र एका संध्याकाळचं दिसलं पाहिजे, एका संध्याकाळी झालं पाहिजे असं नाही."

म्हणून मी पाच दिवस रोज पावणेपाचला बांधावर. पण उजेड वेळेवर येतो, वाफेचं तसं नसतं. एका आदणाला, म्हणजे काहिलीभर रस आटायला, अडीच-तीन तास लागतात. घाण्यातून आलेला रस काहिलीत ओतला की आधी तो तापतो, मळी वर येते, भेंडीचा चिकट रस घालून ती काढून टाकतात, मग खरी उकळी धरते आणि तेव्हा वाफेचा लोट उठतो. पाक दाट होत आला की वाफ कमी होते. माझा उजेड पाच ते पावणेसहा, आणि वाफ कधी चारला तर कधी सातला. शेवटी मी गुऱ्हाळावर गूळ करणाऱ्या गुळव्याकडं, तात्यांकडं गेले. या माणसानं माझ्या लहानपणी मला द्रोणात काकवी दिलेली आहे. मी अडचण सांगितली. तात्यांनी काहिलीत बघत बघतच विचारलं, "किती वाजता पायजे वाफ?" मी म्हटलं, पाचला. "मग दोन आदनांच्या मधी वाईच थांबतो. तू बस जा आक्का." आणि पुढचे चार दिवस पाचच्या ठोक्याला वाफ उठली.

तिसऱ्या संध्याकाळी जे दिसलं ते सांगण्यासाठीच खरं तर हे सगळं लिहिते आहे.

वाफ मी तोवर पांढरीच रंगवत होते. वाफ पांढरी असते हे मला माहीत होतं ना. पण आभाळापुढं ती पांढरी वाफ दिसतच नव्हती, आणि डोंगरापुढं ती खडूनं ओढल्यासारखी चिकटली होती. मी डोळे बारीक केले. छपरातून निघालेला लोट पन्हाळ्याच्या अंगावरून वर चढत होता. डोंगर निळसर जांभळा, गडद, आणि त्याच्यापुढं वाफ उजळ. लोट माथा ओलांडून आभाळात शिरला, मागं मावळतीचा पिवळा उजेड, आणि तीच वाफ तिथं काळपट झाली. जिथं डोंगर संपून आभाळ सुरू होतं त्या रेषेवर ती उजळची गडद होत होती. सुरीवर मी अल्ट्रामरीन, बर्न्ट सिएना आणि पांढरा यांचा एक करडा मिसळला आणि धरून बघितला. डोंगरापुढच्या वाफेला तो जवळजवळ लागला. मग सुरी वर नेली, आभाळापुढच्या वाफेवर. तिथंही तोच. मी दोनदा, तीनदा वरखाली केलं. एकाच ढिगातला एकच रंग, खाली पांढरा वाटत होता आणि वर काळा. मी वाफेचे दोन रंग शोधत बसले होते आणि वाफ मुळात एकच होती, बदलत होतं ते तिच्या मागचं.

शेजारच्या धुराड्याचा धूर मात्र खरोखर रंग बदलत होता. चिपाडाचा, म्हणजे रस काढून उरलेल्या वाळक्या उसाचा, तो विरळ धूर डोंगरापुढं निळा दिसायचा आणि आभाळापुढं गेला की तांबूस. धुराचे कण फार बारीक असतात, ते निळा उजेड विखुरतात आणि तांबडा आरपार जाऊ देतात. वाफेचे थेंब मोठे, ते सगळाच उजेड सारखा विखुरतात, म्हणून वाफ करडीच राहते. कारण मला नंतर कळलं, पण दोन लोट शेजारी शेजारी उठताना वेगळे वागतात हे आधी डोळ्यांनी बघितलं होतं. पन्नास वर्षांत किती वेळा मी या बांधावर उभी राहिले असेन!

आभाळाला मात्र दोरा लागत नाही. सुरीवर कितीही पांढरा घेतला तरी मावळतीच्या आभाळापुढं तो मळका दिसतो, कारण उजेडाइतका उजळ रंग ट्यूबमध्ये नसतोच. सरांनी हे आधी सांगितलं होतं: आभाळापर्यंत पोचता येत नाही, तेव्हा बाकीचं सगळं खाली उतरवा. मी ऊस, छप्पर, डोंगर सगळं एकेक पायरी गडद केलं आणि आभाळ आपोआप पेटलं. त्या नऊ चौकोनांचे दोन महिने इथं कामी आले.

उसाचा हिरवा सगळ्यात जास्त छळतो. उजेड मागून येत असल्यामुळं पानं दोन प्रकारची होती. ज्या पात्यातून उजेड आरपार येत होता ते कॅडमियम यलोकडं झुकलेलं, ज्याच्यावर नुसतं आभाळ पडत होतं ते थंड, निळसर राखाडी. तुरे लांबून रुपेरी वाटतात, पण धरून बघितलं तर फिकट गुलाबी करडे. मी पाती मोजून काढायला लागले होते, सरांच्या शिकवणीविरुद्ध. पुढच्या ओळीत चार-पाच पाती नीट काढली आणि मागचा सगळा ऊस रुंद ब्रशनं नुसता उजेड-सावलीत मांडला, तेव्हा कुठं ते शेत झालं.

चौथ्या दिवशी वारा सुटला आणि चिपाडाची राख उडून ओल्या आभाळावर बसली. मी बोटानं काढायला गेले, डाग आणखी पसरला. फोनवर सर म्हणाले, हात लावू नका, वाळल्यावर ब्लेडनं अलगद खरवडा. तसंच केलं, निघाली. पण त्याच दिवशी माझ्या हातून त्याहून मोठी चूक झाली. ब्रश पुसलेली तेलकट चिंधी मी न बघता चिपाडाच्या गंजीकडं टाकली. जवसाचं तेल घट्ट होताना उष्णता सोडतं. चुरगाळलेल्या चिंधीत ती कोंडून राहते आणि चिंधी आपोआप पेटू शकते. सरांनी पहिल्याच रविवारी हे सांगून पाण्याचा झाकणाचा डबा जवळ ठेवायला लावला होता. घरी पोचल्यावर मला आठवलं, आणि अंधारात भावाला घेऊन बॅटरी लावून ती चिंधी शोधून काढली. वाळलेल्या चिपाडाची माणसापेक्षा उंच गंजी होती ती. तैलरंग करणाऱ्या प्रत्येकाला मी आता हे आधी सांगते. चिंधी पाण्यात, नाहीतर उघड्यावर पसरून वाळत. गोळा करून कधीही नाही.

छोट्या बोर्डांवरून मोठं चित्र मी घरी केलं, अठरा बाय चोवीसच्या कॅनव्हासवर, दुकान बंद झाल्यावर. फेब्रुवारी, मार्च, एप्रिल. एक थर द्यायचा आणि आठवडाभर भिंतीकडं तोंड करून ठेवायचा. अंबर दोन-तीन दिवसांत वाळतो, ॲलिझरिन क्रिमझन हा गडद लाल अजून बोटाला लागत असतो. मध्येच गडद भाग निस्तेज, खडूसारखे दिसायला लागले. मला वाटलं रंगच बिघडला. ते फक्त वरचं तेल खाली शोषलं गेल्यानं होतं. तेलाचा अगदी पातळ हात फिरवून पुसून घेतला आणि डोंगर परत जिवंत झाला.

मे महिन्यात चित्र गावी नेलं. गुऱ्हाळ बंद होतं, काहील पालथी घातलेली. तात्या ओसरीवर बसले होते. मी चित्र भिंतीला टेकवून ठेवलं. तात्या उठून जवळ आले, मग लांब गेले, मग परत जवळ. पन्हाळ्याकडं त्यांनी बघितलं नाही, उसाकडं नाही. बराच वेळ फक्त छपराकडं बघत होते.

"वाफ बरोबर हाय," ते म्हणाले. "मळी काढून झालीया, आदन भर उकळीला आलंय. पर आक्का, येवड्या वाफंला जाळ कुटं हाय? चुलवानात काय घातलंईस तू? ह्या जाळावर च्या बी व्हायचा न्हाई."

मी बघितलं. छपराच्या खालच्या अंधारात, काहिलीखालच्या भट्टीच्या म्हणजे चुलवाणाच्या तोंडाशी, मी एक मंद तांबडा ठिपका देऊन सोडून दिला होता. आभाळाच्या उजेडाशी तो भांडू नये म्हणून मीच दाबला होता.

घरी आल्यावर पहिल्यांदा तो कोपरा बोटानं तपासला. वाळला होता. कॅडमियम यलोत थोडा क्रिमझन आणि बर्न्ट सिएना मिसळला, तेल जरा जास्त घेतलं, आणि सुरीच्या कडेनं चुलवाणाच्या तोंडात एक जाड फटकारा ओढला. मग त्याचा उजेड जाळ घालणाऱ्याच्या गुडघ्यावर आणि पुढच्या चिपाडावर थोडा थोडा. लांब जाऊन डोळे बारीक केले. आभाळाशी तो भांडत नव्हता, ते पिवळं होतं आणि हा केशरी. ते ओलं चित्र आता शिलाई मशीनच्या वरच्या भिंतीवर आहे. व्हार्निश द्यायला अजून सहा-आठ महिने थांबायचंय. तोवर दसरा होऊन गेलेला असेल आणि गुऱ्हाळ पेटलेलं असेल. तात्यांना परत एकदा दाखवून घेते.